हुंडी फुटू नये : परसातल्या फळझाडांच्या स्थलांतराचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात बागा असतात त्या बादशहांच्या. काश्मीरची शालिमार, आग्र्याची आरामबाग आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, हिमायत बाग. या बागा कोणी लावल्या, पाणी कुठून आणले, हे प्रश्न परीक्षेतही येतात. पण नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यात, लातूरच्या गल्लीत, उदगीर, औसा, कंधारच्या घरांमागे मोरीच्या पाण्यावर वाढलेले एखादे जामाचे किंवा अनाराचे झाड असते. त्याचा इतिहास कोणी विचारत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुघलांच्या बागांचा पाठ संपला की मुलांना एक साधे काम देतो. आपल्या घरच्या किंवा आजोळच्या एका फळझाडाचे नाव लिहा आणि ते तिथे कोणी आणून लावले ते घरी विचारून या. वह्यांमधून जी उत्तरे येतात त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. झाड कुठून तरी आणलेले असते, आणि आणणारी व्यक्ती बहुधा दादी, नानी किंवा खाला असते. कुणी माहेरहून आणले, कुणी उरूसाच्या गावाहून, कुणी बदली झालेल्या शेजाऱ्यांनी जाताना दिले म्हणून लावले. बादशहाच्या बागेचा इतिहास फारसी ग्रंथांत आहे. परसाचा इतिहास या बायकांच्या आठवणीत आहे, आणि त्या गेल्या की तोही जातो. म्हणून तो जमेल तसा कागदावर आणावा, एवढ्यासाठी हा लेख.

झाड एका जागेवरून काढून दुसरीकडे लावायचे तर मुळांभोवतीचा मातीचा गोळा शाबूत ठेवावा लागतो. आपल्याकडे या गोळ्याला 'हुंडी' म्हणतात. "हुंडी फुटू देऊ नका" ही रोपवाटिकेतली पहिली ताकीद. व्यापाऱ्याची हुंडीही अशीच असे. एका गावात लिहायची आणि दुसऱ्या गावात वटवायची. झाडाने जुन्या जागेची थोडी माती सोबत आणली तर नव्या जागी ते वटते, नाहीतर वाळते. परसातल्या झाडांचा आणि माणसांचाही इतिहास वाचताना ही एक गोष्ट आम्हाला सतत दिसत आली आहे.

नावांत दडलेला प्रवास

बोर, जांभूळ, कवठ ही झाडे इथलीच. पण आपण ज्यांना अगदी घरची समजतो त्यातली कितीतरी झाडे दूरदेशीची आहेत. जामच पाहा. पुण्या-मुंबईचा माणूस त्याला पेरू म्हणतो. हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले, पोर्तुगीजांच्या काळात भारतात आले. 'पेरू' या नावाचा संबंध पोर्तुगीज 'पेरा' या शब्दाशी जोडतात. पेरा म्हणजे नासपती. आमच्या उर्दूत त्याला 'अमरूद' म्हणतात, आणि गंमत अशी की फारसीत अमरूद म्हणजेही नासपतीच. दोन वेगळ्या भाषांच्या लोकांनी एक अनोळखी फळ हातात घेतले आणि दोघांनाही आपल्या गावची नासपती आठवली. आपण मराठवाड्याचे लोक मात्र शेजारच्या तेलुगूसारखे त्याला सरळ 'जाम' म्हणून मोकळे झालो. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू एका ताटात जेवत होत्या, त्याची ही एक खूण.

सीताफळाचे तसेच. भरहूतच्या शिल्पांत त्यासारखे फळ दिसते म्हणून ते भारतात जुनेच असावे, असे काही अभ्यासक मानत आले. परंतु बहुतेक वनस्पतीशास्त्रज्ञ त्याचे मूळ घर अमेरिकाच सांगतात. सोळाव्या शतकापासून ते आपल्याकडे पसरले आणि बालाघाटच्या डोंगरात असे रमले की आता तिथे रानोमाळ आपोआप उगवते. लोकांनी त्याला सीतेचे नाव दिले, त्याच्या भावंडाला रामाचे. उर्दू बोलणाऱ्यांनी त्याला 'शरीफा' म्हटले. एका परदेशी पाहुण्याला एवढी आदराची नावे मिळाली. त्याचे कूळ विचारायच्या आधी लोकांनी ते फळ खाऊन पाहिले होते.

पपई मध्य अमेरिकेची. स्पॅनिश लोकांनी ती फिलिपाइन्सला नेली आणि पूर्वेकडच्या समुद्रमार्गाने ती आपल्याकडे आली. अनार इराण आणि आसपासच्या मुलखातले, पण भारतात फार जुने. चरकसंहितेत ते 'दाडिम' आहे, कुरआनमध्ये 'रुम्मान'.

सगळ्यात नवल चिंचेचे. चिंच मूळची आफ्रिकेची. ती भारतात इतक्या प्राचीन काळी आली की अरब व्यापाऱ्यांना ती इथलीच वाटली. त्यांनी तिला 'तमर-ए-हिंदी', म्हणजे हिंदची खजूर, असे नाव दिले. तेच नाव युरोपात गेले आणि वनस्पतीशास्त्राने तिच्या लॅटिन नावातही 'इंडिका' लावले. आणि आता २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही चव या मातीचीच, असा तिच्यावर सरकारी शिक्का बसला. आफ्रिकेतून आलेल्या बीचे कागदपत्र पानचिंचोलीच्या नावावर झाले. ते योग्यच झाले, कारण किती पिढ्यांनी ती झाडे राखली, झोडपली, चिंच फोडून वाळवली!

खजुराची तीनशे रोपे

झाड हलवून लावण्याची आपल्या परंपरेतली सर्वांत मोठी गोष्ट हजरत सलमान फारसी यांची. इराणचा हा सत्यशोधक माणूस फिरत फिरत मदिन्यात पोचला तो गुलाम म्हणून. मालकाने त्यांच्या सुटकेची किंमत ठरवली ती अशी : खजुराची ३०० रोपे लावून जगवायची आणि वर ४० उकिया सोने द्यायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना सांगितले की आपल्या भावाला मदत करा. कुणी तीस रोपे आणली, कुणी वीस, कुणी पंधरा, कुणी दहा. खड्डे खणून ठेवा, रोपे मी स्वतः लावीन, असे प्रेषितांनी सलमान यांना कळवले. मग एकेक रोप त्यांनी आपल्या हाताने खड्ड्यात ठेवले आणि त्यातले एकही दगावले नाही, असे हदीसच्या ग्रंथांत येते.

ही घटना आपण चमत्कार म्हणून सांगतो, तिच्यातल्या कामाकडे थोडे कमी लक्ष देतो. खजूर बी पेरून लावली तर नर-मादीचा भरवसा नाही आणि फळ कसे निघेल तेही सांगता येत नाही. म्हणून मोठ्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिल्ले मुळासकट काढून दुसरीकडे लावतात. ती ३०० रोपे अशीच कुणाकुणाच्या झाडापाशी वाढत असलेली पिल्ले असणार. म्हणजे अनेकांनी आपल्या अंगणातला थोडा थोडा हिस्सा दिला, तेव्हा परमुलखातला एक माणूस मदिन्यात स्वतंत्र म्हणून उभा राहिला.

दुसरी कहाणी अंदलुसची. इसवी सन ७५० मध्ये उमय्या घराण्याची सत्ता उलथली, तेव्हा अब्दुर्रहमान नावाचा तरुण शहजादा शामहून निसटला. वणवण करीत तो ७५५ मध्ये स्पेनला पोचला आणि ७५६ मध्ये कुर्तुबाचा अमीर झाला. आजोबांच्या शामातल्या 'रुसाफा' या ठिकाणाचे नाव देऊन त्याने कुर्तुबाबाहेर बाग लावली. तिथे खजूर लावली, आणि आपल्यासारख्याच घरापासून दूर आलेल्या त्या झाडाला उद्देशून कविता केली. याच दरबारात शामहून अनार आले. ते सफर नावाच्या सरदाराने आपल्या गावी नेऊन लावले, वाढवले आणि फळे अमीरासमोर ठेवली. पुढे स्पेनमध्ये त्या अनाराला 'सफरी' हेच नाव पडले. ज्याने जगवले त्याचे नाव झाडाला लागले, अशी उदाहरणे इतिहासात थोडीच.

पुढे बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्नुल-अव्वाम याने 'किताबुल फलाहा' हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पाचशेहून अधिक वनस्पतींची माहिती आहे आणि फळझाडे लावणे, हलवणे, कलम करणे यांचा तपशीलवार विचार आहे.

बाबराचे उलटे झाले. त्याने अफगाणिस्तानात आदिनापूरजवळ 'बाग-ए-वफा' आखली ती १५०८-०९ मध्ये. लाहोर-दीपालपूर घेतले त्या वर्षी, १५२४ मध्ये, त्याने इकडून केळीची रोपे नेऊन त्या बागेत लावली आणि ती चांगली वाढल्याचे आत्मचरित्रात नोंदवले. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या माणसाला हे वाचून बरे वाटेल, कारण केळीचे मुनवे काढून लावणे हे त्याचे रोजचे काम. आणि हाच बाबर पुढे आग्र्यात राहून काबूलच्या खरबुजासाठी व्याकूळ झाला, फळ कापताना त्याचे डोळे भरून आले. मग आग्र्याच्या बागेत खरबूज आणि द्राक्षे पिकल्यावर त्याला कोण समाधान वाटले! माणूस नव्या मुलखात स्थिर होतो तो तिथे लावलेल्या झाडाचे फळ खाल्ल्यावर, हे त्याने स्वतःच लिहून ठेवल्यासारखे आहे.

कलम आणि बहार

दख्खनमध्ये हा सगळा प्रवास एकत्र आला. मलिक अंबर हा हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. तो इराकमार्गे दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. या शहराला त्याने नहर-ए-अंबरीने पाणी दिले. जमिनीखालून आलेले ते पाणी हौदांत पडे आणि हौदांवर बागा जगत. पुढे मुघलांनी त्याच शहरात बागा वाढवल्या. हिमायत बाग त्यातलीच. आज तिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. बादशाही बागेतून शेतकऱ्याला रोपे मिळतात, हा त्या बागेचा सर्वांत चांगला उपयोग म्हणायचा.

औरंगजेबाचे नाव निघाले की वाद होतात. पण त्याच्या पत्रांतली एक हकिकत वादाबाहेरची आहे. शहजादा आज़मने पाठवलेल्या दोन जातींच्या आंब्यांना नावे द्यायची होती. बादशहाने नावे दिली 'सुधारस' आणि 'रसनाविलास'. फारसी लिहिणाऱ्या बादशहाला आंब्यासाठी संस्कृत नावे सुचली, कारण ते फळ त्या भाषेच्या मातीतले होते.

आणि याच्या उलट मराठी शेतकऱ्याची भाषा ऐका. जमीन, बाग, बागाईत, जिराईत, हंगाम, खरीप, रब्बी, मेवा, अंजीर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. 'मशागत' हा शब्दही अरबी 'मशक्कत' म्हणजे कष्ट यातून आला. वारकरी शेतकरी हे शब्द वापरताना ते कुठले हे विचारत नाही, आणि विचारायची गरजही नाही. फळबागेच्या तीन हंगामांना आपण म्हणतो मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार. बहार फारसी, मृग आणि हस्त ही आपली नक्षत्रे. कृषी खात्याच्या पत्रकातला हा रूक्ष शब्द नीट पाहिला तर ते एक कलमच आहे.

'कलम' हा शब्द तर खास. अरबीत कलम म्हणजे बोरू, लेखणी. आपण तख्तीवर ज्याने अलिफ-बे गिरवले ते. बोरूचे टोक जसे तिरपे कापतात, तसाच तिरपा काप फांदीला घेऊन ती दुसऱ्या झाडाला जोडतात, म्हणून तेही कलम. कायद्याच्या पुस्तकात गेला तर हाच शब्द पोटविभाग होतो. मराठीने त्याला आणखी प्रकार दिले. कोयीवर बांधले ते कोय कलम. फांदी वाकवून मातीत दाबली ते दाब कलम. फांदीची साल गोलाकार काढून ओले शेवाळ बांधले ते गुटी कलम. आणि कुंडीतले रोप मोठ्या झाडाच्या फांदीशी नेऊन दोघांच्या साली एकमेकींना लावून बांधल्या ते भेट कलम. भेट हा शब्द इथे किती नेमका बसला आहे!

या कामात बागवान बिरादरीचा मोठा वाटा आहे. बाग राखणे, झाडावरचा बहार विकत घेणे, फळ उतरवणे, टोपल्या भरून बाजारात आणणे हा तिचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. कोणत्या वाडीतला आंबा खोबऱ्या चवीचा, कुणाच्या मळ्यातला जाम आतून लाल, ही माहिती त्यांच्या डोक्यात असे. आपण मुस्लिमांचा इतिहास लिहितो तेव्हा किल्लेदार आणि सुभेदार येतात. हे बागवान कुठे येत नाहीत. पण नवी जात या गावातून त्या गावात पोचली असेल तर ती सुभेदारापेक्षा अशा टोपलीवाल्यांबरोबर पोचली असण्याचीच शक्यता जास्त.

हा प्रवास अजून थांबलेला नाही. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राच्या परिसरात जी 'बालानगर' जात प्रसिद्ध आहे तिचे नाव तेलंगणातल्या गावाचे. मराठवाड्यात आज ज्याच्या बागा दिसतात तो केसर आंबा जुनागढचा. तिथले नवाब महाबत खान तिसरे यांनी १९३४ मध्ये त्याचा गर पाहून हे नाव दिले असे सांगतात. 'मराठवाडा केसर' म्हणून त्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

काळ्या मातीतले काम

आपली काळी माती झाड हलवणाऱ्याची परीक्षा पाहते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा खणले तर हुंडी ढेकळासारखी फुटते. भर पावसात ती फुगून चिकटते, तेव्हा खणले तर गोळा फावड्याबरोबर निसटतो. म्हणून जाणती माणसे वाफशाची वाट पाहतात. माती ओलसर असावी पण हाताला चिकटू नये. झाड लहान असेल तर आधी दोन दिवस पाणी द्यायचे, बुंध्यापासून अंतर ठेवून गोल चर खणायचा, मुळे धारदार हत्याराने कापायची, ओढून तोडायची नाहीत. गोळ्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळायचे. मुळे कमी झाली म्हणजे पाणी पिण्याची ताकदही कमी झाली, तेव्हा फांद्या आणि पानेही छाटायची. उत्तरेची बाजू खुणेने लक्षात ठेवायची आणि नव्या जागी ती उत्तरेलाच ठेवायची, हा जुन्या लोकांचा नेम.

नवा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. तळाशी चुनखडी लागली तर ती काढून चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरावे. झाड लावायचे ते मृगाचा पाऊस पडल्यावर, उन्हे उतरल्यावर. बुंधा जुन्या जागी जेवढा मातीत होता तेवढाच इथे ठेवावा. शेजारी काठी रोवून सैल बांधावे आणि आळ्यात एक भोक पाडलेले मडके गाडून ते भरत राहावे. नवी पालवी दिसेपर्यंत खताची घाई करू नये.

सगळी झाडे हे सोसत नाहीत. पपईची मुळे नाजूक, ती जागेवरच लावलेली बरी. बीपासून वाढलेल्या सीताफळाचे सोटमूळ खोल जाते, ते तुटले की झाड हिरमुसते. जाम आणि अनार लहान असताना बऱ्यापैकी सोसतात. केळीला मुनवे आहेत. पण पंधरा-वीस वर्षांचे झाड मोहल्ल्याच्या अरुंद गल्लीतून हुंडीसकट बाहेर काढणे कुणाला जमणार? तिथे कलमच कामी येते. झाड तिथेच राहते, त्याची फांदी नव्या घरी जाते.

आमच्या आजी-मावश्यांना ही सगळी शास्त्रे पुस्तकातून आलेली नव्हती. त्या भाषा वापरत ती नव्या सुनेसाठी वापरायची. रोप लावून पंधरा दिवस झाले की विचारत, "नांदायला लागलं का?" पाने मलूल दिसली की म्हणत, "अजून माहेर आठवतंय त्याला." सासरी आलेल्या बाईला झाडाच्या मुळांचे दुःख कळत होते.

उखडलेली वर्षे

नांदेड आणि लातूरच्या इतिहासात माणसेही उखडली गेली आहेत. सप्टेंबर १९४८ ची हैदराबादवरील लष्करी कारवाई, ज्याला 'पोलीस अॅक्शन' म्हणतात, ती त्यातली पहिली. तिच्या आधी रझाकारांनी गावोगाव केलेल्या जुलमांचा इतिहास नाकारता येत नाही. त्यांचा नेता कासीम रझवी लातूरचाच वकील होता. पण त्याची किंमत त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या सामान्य मुसलमानांनी मोजली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावे दिली. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. समितीचा सावध अंदाज मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असा होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

त्या दिवसांत खेड्यांतून शहरांकडे निघालेल्या कुटुंबांनी हुंडी कुठून बांधावी? त्यांच्याजवळ बिछाना, एखादी पेटी, मुले, एवढेच. परसातली झाडे मागे राहिली. पुढे कित्येक घरे परत त्याच गावात गेली, आणि त्यातल्या अनेकांना शेजारच्या हिंदू घरांनी आसरा दिला होता, हेही सांगितले पाहिजे. आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे त्या काळाबद्दल फार बोलत नसत. बोलले तर झाडाबद्दल बोलत. तिथे आमची विहीर होती, विहिरीवर लिंबू होते, असे. माणसांची नावे घेणे जड जाते तेव्हा झाडांची नावे घेता येतात.

दुसरा घाला ३० सप्टेंबर १९९३ चा. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेत असताना भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन सुमारे ८,००० माणसे गेली. हिंदू, मुस्लिम, दलित, सगळी. पुढे ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्या ठिकाणी वसवण्यात आली. घरे पडली होती, झाडे मात्र उभीच होती. नवी गावे आखीव रस्त्यांची, पण उघडी बोडकी. औसा तालुक्यात आमच्या नात्यातले एक घर होते. त्या घरच्या बाईने पावसाळ्यात पडक्या घराच्या मागे जाऊन अनाराच्या चार फांद्यांना गुटी बांधली. दीड-दोन महिन्यांनी मुळे फुटल्यावर फांद्या कापून तेलाच्या डब्यांत लावल्या. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये ते डबे तिच्याबरोबर राहिले. पक्के घर मिळाले तेव्हा दोन रोपे जगली होती. घर सरकारने दिले, अनार तिने नेले. ज्या मुलांसाठी ते अनार आधी लावले होते ती सगळी काही राहिली नव्हती. तरी तिने ते नेले.

तिसरी वेळ पाण्याची. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये लातूरला पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. कायद्याचे ते कलम आणि झाडाचे हे कलम! १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. अशा वेळी परसातल्या झाडाला पाणी घालायचे की नाही, हा प्रश्न घराघरात होता. पिण्याच्या पाण्यातले थेंबही झाडाला देणे गुन्हा वाटावा असे दिवस. ज्यांची झाडे त्या उन्हाळ्यात तगली त्यांनी ती वापरलेल्या पाण्यावर तगवली. तांदूळ धुतलेले, भांडी खळबळलेले, वुजूचे. वुजूला बसताना झाडाच्या आळ्याशी बसायचे, म्हणजे एकच तांब्या दोघांना पुरतो. नदीकाठी असलात तरी वुजूचे पाणी वाया घालवू नका, ही शिकवण त्या उन्हाळ्यात नव्याने समजली.

आता काय उरते

आज नांदेड-लातूरला प्लॉट तीस बाय चाळीसचा. मोटारसायकल आणि पाण्याची टाकी ठेवल्यावर जी जागा उरते तिथे फरशी बसते. रस्ते रुंद होतात, जुनी घरे भावांमध्ये वाटली जातात, मुले पुणे-हैदराबादला जातात. घर पाडताना दरवाजे, खिडक्या, सागवानी खांब विकायला काढतात. झाडाची किंमत लाकडाच्या वजनावर होते. घर सोडणे, वाढवणे, विकणे हे चालायचेच, त्याला आमची हरकत नाही. पण जुने जामाचे झाड पाडायच्या आधी त्याची एखादी फांदी कलम म्हणून काढून घ्यायला दोन महिने आणि सुतळीचा एक तोडा लागतो. नर्सरीत पिशवीतले रोप मिळते हे खरे. पण दादीच्या झाडाची चव त्या पिशवीत नसते, कारण बीपासून वाढलेले प्रत्येक झाड वेगळे, आणि ते गेले की तशी चव पुन्हा मिळत नाही.

आपल्या मुलांना कधी कधी बाहेर विचारले जाते, तुम्ही मूळचे कुठले? त्यांना चिडून उत्तर देण्याची किंवा खाली मान घालण्याची गरज नाही. चिंचेची, सीताफळाची, जामाची गोष्ट त्यांना ठाऊक असली तर पुरे. बाहेरून आलेले झाड इथले कधी झाले, याची तारीख कुठल्याच दप्तरात सापडत नाही. त्याने इथल्या पाण्यावर फळ धरले आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खाल्ले, एवढाच त्याचा पुरावा. सोबत आणलेली हुंडीची माती काही वर्षांनी भोवतालच्या मातीत मिसळून जाते. खणून पाहिले तरी कोणती कुठली ते सांगता येत नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यात, घरात किंवा आजोळी जुने झाड असेल तर एवढे करा. पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडा. इंचभर साल गोल काढा, ओले शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधा. मुळे दिसली की खालून कापा आणि कुंडीत सावलीला ठेवा. आणि ज्या म्हाताऱ्या बाईने ते झाड लावले तिचे नाव, गाव आणि साल विचारून एका कागदावर लिहून ठेवा. ती हयात असेल तर आजच विचारा.